लांडग्याच्या डोक्यातले लांजेवार

लांजेवार भिलाई सोडून रायपूरला लेकीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा झिपरे ग्रुपच्या पोरांनी मला मेसेज केला. ‘काकू, लांजेवार काकांबद्दल दोन शब्द लिहून द्या. सगळ्यांचे गोळा करून त्यांना पाठवायचे आहेत.’ मी उलट लिहिलं, ‘माझे दोन शब्द पाठवण्याजोगे नाहीत.’ त्यावर पोरांनी हसणाऱ्या तोंडांची रांगच पाठवली. त्यांना वाटलं, काकू गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. त्या माणसाचं नाव निघालं की अजूनही माझ्या हातातली कात्री जरा जोरात चालते. पण नाही म्हणून टाकल्यावर दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. त्यांना पाठवायचं नाही. पाठवलं तरी ते आधी लाल पेनाने चुका काढतील आणि मग, वेळ उरला तर, वाचतील.

माझं मरोद्याला शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आणि गणपतीच्या दिवसांत नाटकांचे पोशाख. नवरा रेल्वेत, भिलाई-3 या उपनगरात. लांजेवार पहिल्यांदा दुकानात आले ते भर दुपारी. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हातात गुंडाळलेला ग्राफ पेपर. तो त्यांनी माझ्या कापायच्या टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर माझीच दोऱ्याची रिळं ठेवली, मला न विचारता. वर लांडग्याचं डोकं काढलं होतं. समोरून, बाजूने, वरून. प्रत्येक मापाला बाण आणि आकडा.

“हे शिवून पायजे,” ते म्हणाले.

“मुलाच्या शाळेत काही आहे का?”

“नाही. माह्यासाठी.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. “बसते का नाही बसते, एवढंच सांगा,” ते म्हणाले. पुढे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझा नवरा जेवताना ते मला चिडवायला वापरू लागला.

‘फरी’ हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. दोन पायांवर चालणारी, माणसांसारखी बोलणारी, कपडे घालणारी जनावरं ज्यांना मनापासून आवडतात, ती माणसं म्हणजे फरी. कोणी अशी पात्रं रंगवतं, कोणी त्यांच्या गोष्टी लिहितं, आणि ज्यांना फारच हौस आहे ते आपलं स्वतःचं एक जनावर ठरवून त्याचा अख्खा पोशाख शिवून घालतात. जगभर अशी माणसं आहेत, ती एकमेकांना शोधतात, भेटतात. भिलाईत अशी अकरा होती आणि त्या अकरांचे पुढारी लांजेवार. बाकीचे दहा जण कॉलेजातले किंवा नुकते नोकरीला लागलेले. त्यांनी ग्रुपचं नाव ‘झिपरे’ ठेवलं होतं. लांजेवारांना ते नाव आवडायचं नाही. त्यात शिस्त नाही म्हणायचे.

शिस्त हा त्यांचा धंदाच होता. हथखोजच्या एका बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणीला होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. बोल्ट उचलायचा, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या खाचेत, घालायचा. बसला तर इकडे, नाही बसला तर त्यावर लाल रंग मारून तिकडे. माणूस घरी आल्यावर ऑफिस विसरतो, असं म्हणतात. लांजेवार विसरले नव्हते. ते समोसा खाण्याआधी फोडून आत बघायचे. बसायच्या आधी खुर्चीचे चारी पाय टेकतात का ते पाहायचे. माझ्या दुकानाचं शटर त्यांनी एकदा नखाने टक टक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, “पत्रा हलका दिला तुम्हाले.” मी काही विचारलं नव्हतं.

त्यांच्या लांडग्याची शेपटी मी तीनदा शिवली. पहिल्यांदा ती तीन मिलिमीटर लांब होती म्हणे. शेपटी! दुसऱ्यांदा मी ती माप लावून शिवली, टेबलावर ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तर त्या पांढऱ्या शुभ्र केसाळ कापडावर लाल ऑइलपेंटच्या पेनाने मोठी फुली मारलेली. टोकाची गोलाई चुकली होती. ते कापड मी नागपूरहून मागवलं होतं, आणि तो रंग जन्मात निघणार नव्हता.

“भाऊ, हे काय केलं?”

“रिजेक्ट. नाही तं चुकून लागते दुसऱ्याच्या मालात.”

“दुसऱ्या कोणाचा लांडगा आहे इथे?”

त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “पुढंमागं येईन एखादा.” त्या दिवशी मला या माणसाचा पहिल्यांदा राग आला, आणि त्यानंतर तो कमी व्हावा असं त्यांनी फारसं काही केलं नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही. ते डोकं घातलं की आत भट्टी होते. फोम, वर केस, बघायला फक्त डोळ्यांच्या जागी जाळी. पोरं उत्साहात भान विसरायची. लांजेवार घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी सगळ्यांना झाडाआड नेऊन पाणी प्यायला लावायचे, मानेवर ओला टॉवेल ठेवायचे. त्यांच्या देखरेखीत कधी कोणाला भोवळ आली नाही. हे झालं. आता पुढे.

भेटी व्हायच्या टाउनशिपच्या एका बागेत, हिवाळ्यात, रविवारी सकाळी. मी डागडुजीसाठी सुईदोरा घेऊन जायची. लांडगा, बगळा, दोन कोल्हे, एक मगर, असे गवतावर उड्या मारत असायचे आणि फिरायला आलेली माणसं फोटो काढायची. बागेचा चौकीदार पहिल्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ये मन का करत हें, दीदी?” मी म्हटलं, हे लोक काय करतात ते मला पण नीट माहीत नाही.

तिथे लांजेवारांचा एक कडक नियम होता. बागेत आलं की डोकं काढायचं नाही. पाणी प्यायचं तरी झाडाआड. लोकांना आत माणूस दिसला की सगळं संपलं, असं ते म्हणायचे. हा नियम बाहेरच्या ग्रुपमध्येही पाळतात म्हणे, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते गेजचं.

झालं असं की, ग्रुपमध्ये यायला नवीन पोरं विचारू लागली. एक मुलगी मांजरीचे कान आणि शेपटी लावून आली, बाकी ती मुलगीच. एक जण पंख लावून आला. एकाला अर्धा माणूस अर्धा घोडा व्हायचं होतं. यांना फरी म्हणायचं की नाही, यावर पोरांची तासन् तास भांडणं चालायची. अंशुल म्हणून एक होता, बगळा, इंजिनिअरिंगचा. तो म्हणायचा, “काका, ये डिबेट बाहेर पण केव्हाची चालू आहे. कोई बोलता है माणसासारखं असलं तर नाही, कोई बोलता है चलेगा. ज्याला आवडते तो आपला. इतना सिंपल है.”

“आवडणं हे माप नाही,” लांजेवार म्हणाले.

त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, हे मला मान्य आहे. कुठेतरी हद्द लागतेच. उद्या कोणी नुसती मिशी लावून आलं आणि मी बोका आहे म्हणालं तर काय करायचं? पण माणूस हद्द आखतो तेव्हा निदान चार डोकी विचारून आखतो. लांजेवारांनी प्लायवूड आणलं. त्यातून एक खाच कापली. त्याची एक बाजू कपाळाला आणि एक हनुवटीला टेकवायची. नाक-तोंड खाचेतून पुढे आलं तर जनावर. नाही आलं तर माणूस. एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला लाल. बोल्टला जसं ‘गो’ आणि ‘नो-गो’, तसंच.

“मुसकट चार बोटं बाहेर पायजे,” ते म्हणाले. “बाकी कान-शेपूट दुकानात भेटते.”

मांजरीची मुलगी गेली. घोडा गेला, कारण घोडा खाली होता आणि तोंड माणसाचं. मगरीला अंगावर एक केस नव्हता, पण मगर पास. मग एक पोरगा लंगूर होऊन आला. भिलाईत लंगूर काय कमी आहेत, आमच्या गच्चीवर रोज वाळवण खायला येतात. पोराने पोशाख इतका सुरेख केला होता की मी स्वतः उठून शिवण पाहिली. लांजेवारांनी गेज लावला. लंगुराचं तोंड चपटं. लाल बाजू.

“काका, लंगूर जनावर नाही?” पोरगा रडकुंडीला आला.

“गेजमध्ये नाही बसत.”

तेवढ्यात फिरायला आलेल्या एका बाईचा पग कुत्रा तिथे घुटमळत होता. अंशुलने गेज घेतला आणि कुत्र्याला लावला. नो-गो. खरा, जिवंत, चार पायांचा, भुंकणारा कुत्रा नापास झाला. आम्ही सगळे हसून हसून खाली बसलो. वाटलं, आता तरी हा माणूस ते प्लायवूड मोडून टाकेल. लांजेवार लांडग्याच्या डोक्यातून म्हणाले, “नसलच चुकीची आहे ती.”

आता मीनल. तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

मीनल ठवकरचे वडील माझ्या नवऱ्याबरोबर रेल्वेत. ती तेवीस वर्षांची, भिलाई-3 ला एका दुकानात फोन दुरुस्त करते, मागच्या खोलीत बसून. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्र लावलं तर गाडीचा हॉर्न कळतो, बोलणं कळत नाही. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, आणि स्वतः बोलते, थोडं नाकात, पण स्पष्ट. दुकानात गिऱ्हाईक तिच्याशी बोलत नाही, मालकाशी बोलतं. घरी जेवताना सगळे एकदम बोलतात आणि ती ताटाकडे बघत जेवते. हे मी तिच्या आईकडून ऐकलेलं.

झिपरे ग्रुपच्या चॅटवर मात्र ती वर्षभरापासून राणी होती. तिथे सगळे लिहूनच बोलायचे. तिच्याइतकं चटकन आणि तिखट कोणी लिहायचं नाही. सगळ्यांच्या पात्रांची चित्रं तिने काढली होती, लांजेवारांच्या लांडग्याचंसुद्धा. तिला ऐकू येत नाही हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं. तिचं स्वतःचं पात्र होतं सांबरी. डोक्यावर शिंगं, मोठे कान, पाय खुरांचे, पाठीवर केस, शेपटी. पण चेहरा आणि हात बाईचे.

“सांबराच्या मादीला शिंगं नसतात ना ग?” मी कापड बेतताना विचारलं.

“माझी आहे काकू. तिले आहेत.”

“आणि डोकं कावून नको? तो लांजेवार काय म्हणेल?”

तिने कात्री माझ्या हातातून काढून ठेवली, म्हणजे मी तिच्याकडे बघावं. “डोकं घातलं तं मले दिसन फक्त जाळीतून. ओठ कसे दिसतीन कोणाचे? अन् पंजे घातले तं मी हातानं कशी बोलू?” मग म्हणाली, “मी सांबरी बारा वर्षांची असताना काढली. तेव्हापासून ती अशीच आहे. मी आता ठरवलं नाही.”

त्या रविवारी ती पहिल्यांदाच ग्रुपला प्रत्यक्ष भेटणार होती. सगळे डोकी घालून असतील, ओठ दिसणार नाहीत, हे मी तिला बजावलं. ती म्हणाली, हातवारे करू, मजा येईल. तीन आठवडे मी तो पोशाख शिवत होते. एवढा जीव लावून मी माझ्या पोरीच्या लग्नातलंसुद्धा काही शिवलं नाही. शिंगं तिने स्वतः केली, पाइप आणि कागदाच्या लगद्याची. माझ्या स्कूटीवर मागे बसून ती बागेत आली तेव्हा शिंगं वाऱ्याने हलू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली होती.

पहिली वीस मिनिटं मी विसरणार नाही. तिने प्रत्येकाला ओळखलं, कारण सगळ्यांना तिनेच काढलं होतं. कोल्ह्यांनी तिच्याभोवती फेर धरला. बगळ्याने वाकून नमस्कार केला. कोणाला बोलावं लागलंच नाही. ती इतकी हसत होती की नाकाला लावलेला तपकिरी रंग गालावर पसरला. मग लांजेवार आले, पूर्ण लांडगा, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून त्यांनी प्लायवूड काढलं.

मी उठेपर्यंत त्यांनी ते तिच्या तोंडाला लावलंसुद्धा होतं. तिला वाटलं, हाही खेळच. ती डोळे मोठे करून शांत उभी राहिली. सगळ्या बागेसमोर, एखादा बोल्ट उभा करावा तशी. लांजेवारांनी गेज काढला, लाल बाजू वर केली आणि डोक्यातून बोलू लागले. आवाज मडक्यातून यावा तसा. “चेहरा माणसाचा आहे. शिंगं लावून कोणी जनावर होत नाही. ही आपल्यात बसत नाही. पुढच्या रविवारपासून येऊ नये.”

मीनलला समोर दिसत होता तो फक्त लांडग्याचा न हलणारा जबडा. लाल म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं; गेजचं चॅटवर कोणी लिहिलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. तिने ओळखलं की काहीतरी निकाल लागला आहे, आणि एवढा मोठा लांडगा एवढं सगळं बोलतो आहे म्हणजे चांगलंच असणार. ती हसली. दोन्ही हात जोडून म्हणाली, “थँक यू काका.” आणि पिशवीतून त्यांच्या लांडग्याचं चित्र काढून त्यांच्या पंजात ठेवलं. फ्रेम करून आणलं होतं.

त्यांनी ते घेतलं.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. “भाऊ, तिले ऐकू येत नाही. काहीच नाही. तुमचे ओठ दिसले पायजेत. डोकं काढा अन् तिच्या तोंडासमोर सांगा काय सांगायचं ते.”

बागेत एकदम सगळे थांबले. जाळीमागे लांजेवारांचे डोळे दिसत नव्हते. त्यांनी गेज पिशवीत ठेवला. मग म्हणाले, “डोकं काढता येत नाही. नियम आहे.”

“मग तुमचा निकाल राहू द्या.”

“निकाल झाला. तुम्ही सांगा तिले.”

मी सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? माझ्या ओठांकडे बघत तिने ते दोनदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं आपण चुकीचं वाचलं. मग म्हणाली, “मले वाटलं मी पास झाली.” एवढंच. ती रडली नाही. खुरांचे बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी स्कूटीकडे चालायला लागली. मागे अंशुलने बगळ्याचं डोकं काढून गवतावर ठेवलं, घामेजलेल्या तोंडाने, सगळ्यांसमोर. लांजेवारांनी त्याला दोन आठवडे बाद केलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. नेहमीसारखे. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. त्यांचा पोशाख माझ्याच कपाटात असायचा, कारण शेजारपाजारी आणि कारखान्यात कोणाला ही हौस माहीत नव्हती. माहीत आहे फक्त बायकोला, तीही बोलत नाही, असं ते म्हणायचे. काखेतली शिवण उसवली होती, ती घालून हवी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“लाज नाही वाटत?” मी म्हटलं. “त्या पोरीला चार लोकांत उभं करून मापलं, अन् तोंडावर सांगायची हिंमत नाही?”

“नियम सगळ्याईले एकच आहे.”

“तुमचे वडील गणपतीत वाघ व्हायचे ना? तुम्हीच सांगितलं होतं. त्यांना तरी कुठे मुसकट होतं? तोंडाला पिवळा रंग अन् काळे पट्टे. गेज लावला असता तं तुमचा बापही नापास झाला असता.”

मला वाटलं हे लागेल. लागलं, पण मला वाटलं तसं नाही. ते स्टुलावर बसले. पाय टेकतात का ते न बघता बसले. “म्हणूनच,” ते म्हणाले. “तोंड उघडं होतं ना त्याचं. सारे ओळखत. गणपती झाले का वर्षभर ठेकेदाराचा मुकादम कारखान्याच्या गेटवर थांबवे. ‘ए वाघ, म्याऊ बोल, फिर अंदर जा.’ रोज. अन् बाबा करत. मी डबा घेऊन जात होतो तं पाहिलं आहे मी. तोंड दाखवाचंच असतं तं मी हे कावून केलं असतं, बाई?”

खोटं कशाला बोलू, मी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणजे चार बोटं मुसकट वगैरे सगळं बहाणा होता. या माणसाला जनावर-माणूस यांच्यातली रेघ आखायची नव्हती, उघड्या चेहऱ्याची भीती वाटत होती. आणि त्या भीतीचा राग त्याने बापाला हसणाऱ्या मुकादमावर काढला नाही, काढला कोणावर, तर फोन दुरुस्त करणाऱ्या एका बहिऱ्या पोरीवर. मग मला दुप्पट राग आला.

“तुमच्या बाबाचं वाईट झालं,” मी म्हटलं. “पण गेटवर उभं राहून ‘म्याऊ बोल’ काल तुम्हीच म्हटलं.”

आणि मी कपाट उघडलं, पोशाख काढला, डोकं, पंजे, ती तीनदा शिवलेली शेपटी, सगळं त्यांच्या मांडीवर टाकलं. “घेऊन जा आपला लांडगा. माझ्याकडे जागा नाही.” पिशवी दिली नाही. देऊ शकत होते. दिवसाउजेडी, भर बाजारातून, काखेत लांडग्याचं डोकं आणि मागे लोंबणारी शेपटी घेऊन ते गेले. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही.

त्याच आठवड्यात मीनलने ग्रुपवर लिहिलं. मला अंशुलने दाखवलं. ‘मले ऐकू येत नाही, हे आधी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, कारण इथे गरज नव्हती. आतापर्यंत नापास झालेल्यांपैकी लंगूर, पग कुत्रा आणि मी असे तिघं अजून इथेच आहोत. आम्ही तिघं दर रविवारी बागेच्या दुसऱ्या गेटजवळ बसणार आहोत. ज्याले नापास व्हायचं असेल त्यानं यावं. डोकं घाला नाही तर काढा, पण माझ्याशी बोलताना काढा.’

पहिल्या रविवारी तीन जण आले. पग खरंच आला, त्याच्या बाईसकट. पुढच्या रविवारी मांजरीची मुलगी परत आली, घोडा आला, कोल्हे आले. महिन्याभरात लांजेवारांकडे मगर उरली, आणि मग मगरीची परीक्षा लागली. एक-दोनदा स्कूटीवरून जाताना मी पाहिलं. पहिल्या गेटजवळ एक लांडगा एकटाच उभा असायचा, मनगटावरचं घड्याळ बघत.

मार्च लागला. ऊन चढायला लागलं की पोशाखांचा मोसम संपतो. त्या मोसमाचा शेवटचा रविवार. मी गवतावर बसून कोणाचा तरी पंख टाचत होते. लांडगा पहिल्या गेटकडून सरळ आमच्याकडे चालत आला. तो मीनलपुढे थांबला. ती उठली नाही. तिने फक्त स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग ते बोट त्याच्या डोक्याकडे केलं.

मला वाटलं, वळून जाणार. मी तशी तयारीच केली होती मनात, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. लांजेवारांनी दोन्ही पंजे वर नेले आणि डोकं काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालभडक. फिरायला आलेले लोक बघत होते. ते मीनलसमोर गवतावर बसले आणि बोलू लागले. हळूहळू, एकेक शब्द वेगळा करून, मान खाली न घालता. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही. मिनिटभर बोलले असतील. मीनल त्यांच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत होती. मग हसली.

ते उठल्याबरोबर मी तिच्याजवळ गेले. “माफी मागितली?”

“नाही.”

“मग काय म्हणे?”

“डावं शिंग पाच डिग्री बाहेर गेलं आहे म्हणे. वजन मानेवर येते, पुढं चालून दुखन. आतून फोमची पट्टी देजो म्हणे.”

“एवढंच? एवढ्यासाठी आला? अन् तू हसली कावून?”

“काकू,” ती म्हणाली, “मले त्याईचं सगळं समजलं. एक शब्द नाही सुटला.”

तिला ते पुरलं. मला पुरलं नाही. मी उठून गेटपर्यंत गेले, त्यांना चार शब्द सुनवायचेच म्हणून. ते डोकं काखेत धरून स्कूटरकडे चालले होते. तेवढ्यात बाहेरून येणारा एक माणूस थबकला, कारखान्यातलाच असावा. “अरे, लांजेवार साहब? आप?” त्याची नजर पंजांवरून शेपटीवर गेली. लांजेवारांचा हात काखेतल्या डोक्याकडे गेला. मग थांबला.

“हां,” ते म्हणाले. “मैं ही हूं.”

तो माणूस काही बोलायच्या आत ते पुढे निघाले. लांडग्याचं डोकं त्यांनी स्कूटरवर पायांशी ठेवलं, शेपटी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गुंडाळली आणि हेल्मेट घातलं. वळताना मी दिसले त्यांना. त्यांनी पंजा वर केला. मी हात केला नाही.